पहिलं बाळंतपण : दवाखाना कोण निवडतं?

(पहूर, ता. जामनेर, जि. जळगाव येथे बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



तुमच्यातल्याच काही जणींनी निरोप दिला होता की कायद्याचं, कोर्टाचं पुष्कळ ऐकलं, आता लेकी-सुनांच्या बाळंतपणाचं बोला. लेक सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येणार. तिला कुठं न्यायचं? सरकारी की खाजगी? इथं पहूरलाच, की जामनेरला, की थेट जळगावला? एवढं सांगा म्हणालात. सांगते. पण त्याच्या आधी मीच तुम्हाला विचारते : तुमच्या पहिल्या बाळंतपणाचा दवाखाना कोणी ठरवला होता?

हा प्रश्न मी गावोगाव विचारते. उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. 'वडलांनी.' 'सासऱ्यांच्या ओळखीचे डॉक्टर होते.' 'मोठ्या जावेचं तिथंच झालं होतं.' 'भावाच्या मित्राची गाडी मिळाली, त्यानं नेलं तिथं.' एक जण म्हणाली, 'रिक्षावाल्यानं ठरवला व माय!' सगळ्या हसल्या, पण ती खरंच सांगत होती. रात्री कळा सुरू झाल्या, घरात गोंधळ उडाला, रिक्षावाल्याला जो दवाखाना माहीत होता तिथं त्यानं रिक्षा उभी केली. 'मी ठरवला' असं म्हणणारी बाई क्वचित भेटते. जिच्या पोटात मूल आहे, जिला कळा सोसायच्या आहेत, जिच्या जिवाचा प्रश्न आहे, तिला सोडून सगळ्यांनी विचार केलेला असतो.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. दवाखाना बाईनं निवडायचा. कळा सुरू व्हायच्या आधी, माहिती घेऊन, प्रश्न विचारून निवडायचा. आणि ज्या बाईला निवड करायला जागाच नाही तिच्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून काहीतरी करायचं.

माहेरचं बाळंतपण

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. या रीतीत जे चांगलं आहे ते आधी कबूल करू. पोरीला सासरच्या कामातून सुटका मिळते, आईचा हात पाठीवर फिरतो, रडायला जागा मिळते, बाळंतपणानंतर महिना-सव्वा महिना पोटभर खायला आणि झोपायला मिळतं. पुष्कळ बायकांच्या आयुष्यातली तेवढीच विश्रांती.

पण याच रीतीला दोन गाठी आहेत. पहिली पैशाची. खर्च माहेरचा आणि मान सासरचा. 'चांगल्या दवाखान्यात टाका हो, आमच्या घरातलं पहिलंच नातवंड आहे,' असा निरोप येतो. चांगला म्हणजे कोणता? तर ज्याची इमारत मोठी आणि बिल मोठं. कपाशीचा पैसा हातात आलेला नसतो. बाप कुठून तरी व्याजानं पैसे आणतो. लग्नाचं कर्ज फिटलेलं नसतं, त्यावर बाळंतपणाचं चढतं. हा हुंड्याचाच पुढचा हप्ता आहे, हे आपण मोठ्यानं म्हटलं पाहिजे. सासरच्या प्रतिष्ठेसाठी निवडलेला दवाखाना आणि पोरीच्या जिवासाठी निवडलेला दवाखाना एकच असेल असं नाही.

दुसरी गाठ कागदाची. नाव नोंदलेलं सासरी, तपासण्या सासरी, बाळंतपण माहेरी. माता-बाल संरक्षण कार्ड तिकडं फडताळात राहतं. इथल्या सिस्टरला पोरीचा रक्तगट माहीत नाही, हिमोग्लोबिन माहीत नाही, बीपी वाढत होतं का ते माहीत नाही. म्हणून लेक येईल तेव्हा पिशवीत दोन साड्या कमी असल्या तरी चालेल, पण ते कार्ड, रक्त-लघवीच्या तपासण्या, सोनोग्राफीचे कागद, आधार कार्ड आणि तिच्या स्वतःच्या नावाचं पासबुक हवंच. आल्या आठवड्यात इथल्या आशाताईला भेटायचं. सासरी नाव नोंदलंय म्हणून माहेरच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपण नाकारता येत नाही.

तीन उशीर

'आमच्या आज्या घरीच बाळंत झाल्या, त्यांना काय झालं?' असं कुणी म्हणतं. ज्या वाचल्या त्यांच्याबद्दल आपण हे म्हणतो. ज्या गेल्या त्यांच्याबद्दल विचारायला कोण उरलं? आनंदीबाई जोशींचं पहिलं आणि एकुलतं मूल 1878 साली जन्मलं आणि काही दिवसांतच गेलं. आई स्वतःच तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. वेळेवर उपचार मिळाले असते तर, हा सल त्यांच्या डॉक्टर होण्यामागे होता. 1886 साली त्या अमेरिकेतून डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या. त्याच 1886 साली मुंबईत कामा हॉस्पिटल उघडलं. बायकांचं हॉस्पिटल, बायकांना बायकांनीच तपासायचं. दवाखाना जवळ असावा, तिथं आपल्याला समजून घेणारं कुणी असावं, ही मागणी इतकी जुनी आहे.

तेव्हापासून खूप फरक पडला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की 1992-93 मध्ये देशातल्या शंभरातल्या जेमतेम 26 बायका दवाखान्यात बाळंत होत होत्या. 2019-21 च्या पाहणीत हा आकडा 88.6 वर गेला. महाराष्ट्रात तर 94.7. म्हणजे आपण दवाखान्यापर्यंत पोचलो. आता प्रश्न असा आहे की कोणत्या दवाखान्यात, केव्हा, आणि तिथं आपलं काय होतं.

1994 साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अमेरिकेतल्या दोन अभ्यासक बायकांनी एक मांडणी केली. बाळंतपणात बाई मरते ती तीन उशिरांमुळे, असं त्यांनी दाखवलं. पहिला उशीर घरात होतो : न्यायचं की नाही, हे ठरवण्यात. दुसरा रस्त्यात. तिसरा दवाखान्यात पोचल्यावर उपचार सुरू होण्यात. ही मांडणी आपल्या गावाला लावून बघा.

घरातला उशीर. घरधनी शेतात आहे, सासऱ्यांना विचारायचं आहे, पैसे कुणाकडे आहेत ते बघायचं आहे. 'पहिलटकरीण आहे, वेळ लागतोच' म्हणून रात्र काढली जाते. वेळ लागतो हे खरं. पण अंगावरून रक्त जात असेल, पाणमोट फुटली असेल, डोकं खूप दुखत असेल आणि डोळ्यापुढं अंधारी येत असेल, हातापायावर-तोंडावर सूज असेल, झटके आले, ताप असेल, बाळाची हालचाल कमी झाली असेल, तर कुणाला विचारायचं नाही, निघायचं. ही लक्षणं घरातल्या पुरुषांनाही पाठ पाहिजेत. ती फक्त बायकांनी लक्षात ठेवायची, हे मला मान्य नाही.

रस्त्यातला उशीर. पहूरहून जामनेर पंधराएक किलोमीटर, जळगाव चाळीसेक. नकाशावर हे अंतर काहीच नाही. पण आडगावच्या बाईला आधी पहूरच्या रस्त्याला यावं लागतं, आणि ते पावसाळ्यात, रात्री. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाला नाही, तर दोनेक तासांत बाई दगावू शकते. या दोन तासांत तुमच्या घरापासून रक्त मिळण्याच्या जागेपर्यंतचं अंतर बसलं पाहिजे. म्हणून 108 चा नंबर भिंतीवर लिहा. ही गाडी महाराष्ट्रात 2014 पासून आहे. गरोदर बाईला ने-आण करण्यासाठी 102 ची गाडीही आहे. आणि या दोन्ही वेळेवर आल्या नाहीत तर गावातली कोणती गाडी, कोणता ड्रायव्हर, हे आधीच सांगून ठेवा.

दवाखान्यातला उशीर सगळ्यात कमी बोलला जातो. पोचलो म्हणजे सुटलो असं वाटतं. पण डॉक्टर बाहेरगावी, भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, मग चिठ्ठी मिळते : पुढं न्या. एका दवाखान्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. प्रत्येक चिठ्ठीला तास जातो. दवाखाना आधी निवडायचा तो हा तिसरा उशीर टाळण्यासाठी.

विचारायचे प्रश्न

आता निवडायचा कसा? सातव्या महिन्यात एक दिवस काढा आणि दवाखाना बघायला जा. मुलगी, तिची आई, आणि जमलं तर नवराही. मुलगा बघायला आपण चार माणसं घेऊन जातो, दवाखाना बघायला का जाऊ नये? आणि हे प्रश्न विचारा.

एक, रात्री दोन वाजता इथं कोण असतं? दिवसा सगळीकडे डॉक्टर असतात. कळा घड्याळ बघून येत नाहीत.

दोन, सिझर करायची वेळ आली तर इथंच होतं का? भूल देणारे डॉक्टर इथले आहेत की बोलवावे लागतात? बोलवले तर किती वेळात येतात?

तीन, रक्त लागलं तर कुठून आणतात? रक्तपेढी आहे, रक्तसाठवण केंद्र आहे, की नातेवाइकांनी जळगावला पळायचं? आपला रक्तगट निगेटिव्ह असेल तर हे अगोदरच बोलून ठेवा. निगेटिव्ह आईचं बाळ पॉझिटिव्ह असेल तर 72 तासांच्या आत अँटी-डी नावाचं इंजेक्शन द्यावं लागतं. ते तिथं मिळतं का, विचारा.

चार, बाळ जन्मल्यावर रडलं नाही, श्वास घेतला नाही, तर ते सांभाळायला शिकलेलं माणूस तिथं आहे का? फार कमी वजनाचं बाळ झालं तर ते कुठं पाठवतात?

पाच, मागच्या महिन्यात इथं किती बाळंतपणं झाली आणि त्यातली सिझर किती?

सहा, माझ्याबरोबर आत कोण राहू शकेल?

सात, सगळा खर्च किती? नॉर्मलचा किती, सिझरचा किती, औषधं धरून की सोडून? कागदावर लिहून द्या.

प्रश्न विचारल्यावर डॉक्टर किंवा सिस्टर चिडल्या, तर तेही एक उत्तरच समजा. आणि आठवं काम विचारायचं नाही, बघायचं : संडास कसा आहे, पाणी आहे का, बाळंतिणीच्या खोलीला पडदा आहे का.

सगळ्यांनाच जळगावला जायची गरज नाही. तब्येत चांगली, बाळ डोक्याकडून, बीपी ठीक, रक्त चांगलं, अशा पहिलटकरणीचं बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात शिकलेल्या सिस्टरच्या हातून उत्तम होतं. पण जुळं आहे, बाळ आडवं किंवा पायाळू आहे, वार खाली आहे, बीपी किंवा साखर वाढलेली आहे, हिमोग्लोबिन सातच्या खाली आहे, मुलगी फार लहान वयाची आहे, किंवा तिला सिकलसेल आहे, अशांनी जिथं ऑपरेशन, रक्त आणि बाळाचे डॉक्टर तिन्ही आहेत तिथंच ठरवावं. सिकलसेलचं मुद्दाम सांगते, कारण आपल्या खानदेशात पावरा आणि भिल्ल समाजात तो आहे आणि तपासणी न होताच मुली बाळंतपणापर्यंत पोचतात.

पहिलटकरीण आणि सिझर

सिझरबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, डॉक्टर पैशासाठीच पोट फाडतात. दुसरं, सिझर म्हणजे सुखाचं, कळा नकोत. दोन्ही बाजूला ठेवा. वार तोंडावर आली असेल, बाळ आडवं असेल, नाळ आधी बाहेर आली असेल, बाळाचे ठोके पडत असतील, तर सिझर हाच जीव वाचवायचा उपाय आहे. तिथं नको म्हणायचं नाही. असं सिझर वेळेवर न मिळाल्यानंही बायका मेल्या आहेत.

पण आकडे बघा. 2019-21 च्या त्याच पाहणीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत शंभरात 14.3 सिझर, आणि खाजगीत 47.4. जागतिक आरोग्य संघटनेनं 1985 सालीच म्हटलं होतं की कुठल्याही भागात सिझरचं प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांच्या वर असण्याचं कारण नाही. अडलेल्या बायका खाजगीत जातात म्हणून थोडा फरक पडेल, हे धरलं तरी तिपटीहून जास्त फरकाचं उत्तर त्यात मिळत नाही. आपल्या बाईचं शरीर सरकारी दारातून आत गेलं की एक आणि खाजगी दारातून गेलं की दुसरं, असं होत नाही. बदलतं ते दवाखान्याचं वेळापत्रक आणि हिशोब. नॉर्मल बाळंतपणाला डॉक्टरला बारा-पंधरा तास लक्ष ठेवावं लागतं, सिझर तासाभरात होतं आणि बिल जास्त होतं. मुंबईच्या सुवर्णा घोष यांनी 2017 साली दवाखान्यांना सिझरचं प्रमाण जाहीर करायला लावा, अशी मागणी करणारी सह्यांची मोहीम चालवली, ती याच कारणानं. आपला पाचवा प्रश्न हीच मागणी आहे, फक्त आपल्या गावच्या दवाखान्याला विचारलेली.

पहिलटकरणीला एक गोष्ट नीट माहीत पाहिजे. पहिल्या वेळी वेळ लागतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या सूचना सांगतात की पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर कळांचा खरा जोर धरतो, आणि तिथून पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात. तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, हा नियम प्रत्येकीला लागू होत नाही. आई आणि बाळ दोघं ठीक असतील तर नुसत्या 'पिशवी उघडत नाही' या वाक्यावर घाबरून सही करू नका. विचारा : किती सेंटिमीटर आहे? बाळाचे ठोके कसे आहेत? अजून थांबलं तर काय धोका आहे? पहिलं सिझर झालं की दुसऱ्या वेळीही बहुतेक तेच सांगितलं जातं, म्हणून पहिल्या वेळचा प्रश्न मोठा.

तसंच कळांच्या इंजेक्शनचं. बाळ बाहेर आल्यावर लगेच आईला जे इंजेक्शन देतात ते रक्तस्राव थांबवतं, ते हवंच. पण बाळ व्हायच्या आधी, लवकर मोकळं व्हावं म्हणून, कुणी घरी येऊन दंडात कळांचं इंजेक्शन टोचत असेल तर त्याला हात लावू देऊ नका. त्यानं बाळ गुदमरू शकतं, पिशवी फाटू शकते.

आत काय होतं

माझ्या पहिल्या वेळी मला रात्री एका दवाखान्यात नेलं. आईला दाराबाहेर ठेवलं. मला टेबलावर उताणं झोपवलं, सलाईन लावलं. सलाईनमध्ये काय आहे ते सांगितलं नाही. कंबर तुटत होती, उठून बसावंसं वाटत होतं, उठू दिलं नाही. पाणी मागितलं तर नाही मिळालं. ओरडले तेव्हा जे बोलणं ऐकलं ते इथं सांगत नाही, तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी ते ऐकलेलं आहे. 'तेव्हा मजा वाटली ना' या जातीचं. शेवटी एक बाई पोटावर चढून दाबू लागली. मूल सुखरूप झालं, म्हणून घरचे म्हणाले, छान झालं. मला कुणी विचारलं नाही. पुढं कितीतरी वर्षं मला वाटायचं की बाळंतपण असंच असतं.

ते तसं असायची गरज नाही, हे मला नंतर वाचून कळलं. पोटावर दाब देऊन बाळ ढकलू नये, प्रत्येक पहिलटकरणीला सरसकट छेद देऊन टाके घालू नयेत, तिला चालू-फिरू द्यावं, हव्या त्या स्थितीत बसू द्यावं, पाणी-पेज द्यावी, तिच्या विश्वासाचं माणूस जवळ असू द्यावं. हे सगळं त्याच 2018 च्या सूचनांमध्ये लिहिलेलं आहे. बाळंतपणात बाईला मारणं, बोलणं, तिचा अपमान करणं हा तिच्या हक्कांचा भंग आहे, हे त्याच संघटनेनं 2014 साली जाहीर केलं. आणि केंद्र सरकारनं 2016 सालीच सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली आहे. 'आत कुणाला सोडत नाही' असं उत्तर मिळालं तर हे सांगा.

इथं मला आपल्या सुईणीची आठवण होते. दवाखान्यातल्या बाळंतपणांवर भर आला आणि सुईण घरी बसली. ऑपरेशन, रक्त, इंजेक्शन यांना पर्याय नाही, त्यामुळे सगळं पुन्हा तिच्या हाती द्या असं मी म्हणत नाही. पण कंबर चोळायची कशी, कळ आली की श्वास कसा घ्यायचा, उकिडवं बसवायचं कधी, घाबरलेल्या पोरीला धीर कसा द्यायचा, हे तिला जेवढं येतं तेवढं कुणाला येत नाही. सोबतीण म्हणून आपण तिलाच आत नेऊ या की! तिची विद्या वाया जाणार नाही आणि पोरीला हात मिळेल.

पैसा आणि हक्क

सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे, आणि ते उपकार म्हणून नाही. 1 जून 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात नॉर्मल बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त सगळं मोफत. नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस जेवण. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी गाडी. आजारी तान्ह्या बाळाचे उपचारही त्यात येतात. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रातल्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तर सगळ्यांनाच उपचार मोफत आहेत. तरीही बाहेरून औषधं आणायची चिठ्ठी दिली, पोरगा झाला म्हणून कुणी हात पुढं केला, तर चिठ्ठी जपून ठेवा, नाव लिहून ठेवा, आणि चार-पाच जणी मिळून तक्रार करा. एकटीनं करू नका.

जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्रामीण बाईला 700 रुपये मिळतात. मातृवंदना योजनेत अटींत बसणाऱ्या बाईला पहिल्या मुलाच्या वेळी दोन हप्त्यांत 5000 रुपये, आणि दुसरी मुलगी झाली तर 6000. पैसे तिच्या खात्यात येतात, म्हणून खातं तिचंच हवं.

खाजगीतही हक्क संपत नाहीत. महाराष्ट्रात 2021 साली शुश्रूषागृहांचे नियम बदलले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. दारात शिरल्यावर आधी भिंत बघा. दरपत्रक नसेल तर मागा. डिस्चार्जच्या वेळी तपशीलवार बिल आणि सगळे कागद मागून घ्या.

आणखी दोन गोष्टी, ज्यांचा पैशाशी नाही पण बाईच्या मर्जीशी संबंध आहे. बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवतात. बसवून घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण विचारल्याशिवाय बसवली असेल तर तो अन्याय आहे. आणि सोनोग्राफी. ज्या दवाखान्यात मुलगा-मुलगी खुणेनं सांगतात, तो कितीही 'चांगला' असला तरी आपला नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 साली आपल्या महाराष्ट्रानं केला, तो बायकांच्या चळवळीनं रेटा लावला म्हणून. आणि 2011 च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या 842. पहिलं बाळंतपण आहे, काहीही होवो, असं म्हणणारं घरच दुसऱ्या वेळी कुठला दवाखाना शोधतं, याच्यावर लक्ष ठेवणं हेही आपलंच काम आहे.

जिला निवड नाही तिचं काय?

इतका वेळ मी निवडीबद्दल बोलले. पण शेतमजूर बाई, ऊसतोडीला जाणारी बाई, पाड्यावरची पावरा बाई, यांच्यापुढं चार दवाखाने मांडलेले नसतात. तिच्यासाठी एकच दवाखाना असतो, जवळचा सरकारी. तो चालला तर ती वाचते. ज्यांच्याकडे पैसा आहे त्या जळगावला निघून गेल्या, की इथल्या दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून ओरडणारं कुणी उरत नाही. म्हणून पहूरचं ग्रामीण रुग्णालय आणि जामनेरचं उपजिल्हा रुग्णालय नीट चालणं, हे आपल्या सगळ्यांच्या स्वार्थाचं आहे. रात्री दोन वाजता कळा कुणालाही येऊ शकतात.

हे होऊ शकतं. 2007 पासून महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात आपल्या शेजारचं नंदुरबार होतं. गावच्या बायकांनी दवाखान्यांना गुण दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहून बोलल्या. पाड्यावरच्या बायका बोलू शकतात, तर आपण का नाही?

तेव्हा आज उठायच्या आधी तीन कामं वाटून घेऊ. पहिलं, पुढच्या तीन महिन्यांत ज्यांचे दिवस भरणार आहेत अशा मुलींची यादी आशाताईबरोबर बसून करायची आणि प्रत्येकीला एक अनुभवी सोबतीण नेमून द्यायची. दुसरं, आपल्यातल्या पाच जणींनी हे प्रश्न घेऊन पहूर आणि जामनेरच्या सरकारी आणि खाजगी दवाखान्यांत जायचं, मिळालेली उत्तरं एका वहीत लिहायची, आणि ती वही कुणालाही बघायला ठेवायची. तिसरं, रुग्ण कल्याण समितीवर कोण आहे, तिच्या बैठका होतात का, हे विचारून अर्ज द्यायचा : रात्रीचा डॉक्टर, रक्तसाठवण आणि सोबतीणीला आत प्रवेश, या तीन मागण्यांचा.

वहीसाठी नावं पुढं या. लिहिता येणारी एक आणि बोलता येणारी एक, अशा जोड्या करू. ज्यांच्या घरी सध्या गरोदर मुलगी आहे, त्यांनी आधी.